दाढीचा साबण आणि आपलं पाणी : पारंपरिक साबणांची तुलना कशी करावी

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक आहे, सुरू करूया.

आजचा विषय दाढीचा साबण. विषय लहान वाटेल, पण जरा हिशेब करून बघा. अठराव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत, आठवड्यातून तीन वेळा म्हटलं तरी माणूस आयुष्यात आठ हजारांवर वेळा दाढी करतो. म्हणजे आठ हजार वेळा एक धारदार पातं आपल्या गळ्यावरून फिरतं, आणि पातं नि कातडी यांच्यामध्ये साबणाच्या फेसाचा एक पातळ थर एवढंच काय ते असतं. हा थर चांगला नसला की आग होते, कापतं, गळ्यावर पुळ्या येतात, कापलेला केस आत वळून टोचत राहतो. मग माणूस आधी ब्लेड बदलतो, मग रेझर बदलतो, मग महागडी बाटली आणतो, आणि शेवटी 'माझी स्किनच तशी आहे' म्हणून सोडून देतो. पुष्कळ वेळा दोष कातडीचा नसतो.

आज आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. साबणाच्या वडीत असतं काय, वेगवेगळ्या प्रकारच्या साबणांत फरक कोणता, आणि आपल्या नागपूरच्या पाण्यात ती तुलना घरच्या घरी कशी करायची. आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे : साबणाचा वास आणि नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी त्यातली चरबी बघा, मग क्षार बघा, आणि या दोघांच्याही आधी आपल्या नळाचं पाणी ओळखा.

फेसाचं काम काय?

दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो ताठ आणि चिवट असतो. त्याला दोन-तीन मिनिटं पाणी मिळालं, त्यातही कोमट पाणी मिळालं, की तो फुगतो, मऊ पडतो, आणि कापायला बराच कमी जोर लागतो. म्हणजे केस मऊ करतं ते पाणी. साबण स्वतः मऊ करत नाही. मग साबण कशाला? एक, केसावरचा तेलकटपणा काढायला, म्हणजे पाणी आत शिरतं. दोन, ते पाणी तिथंच धरून ठेवायला. आणि तीन, पातं सरकावं म्हणून निसरडेपणा द्यायला.

हे लक्षात ठेवलं की चांगल्या फेसाची ओळख आपोआप कळते. मोठमोठे बुडबुडे दिसायला छान दिसतात, पण त्यात हवा जास्त आणि पाणी कमी. दाढीचा फेस घट्ट दह्यासारखा हवा. बारीक, दाट, चकचकीत. बोटांत घेऊन चोळला तर बुळबुळीत लागला पाहिजे. कापसासारखा कोरडा फेस असेल तर त्यात अजून पाणी घालायचं राहिलंय असं समजा.

वडीत काय असतं?

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि क्षार यांचा संयोग. नागपूरकरांना हे शास्त्र परकं नाही. राव बहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली आपली एलआयटी तेल-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठीच ओळखली जाते. तिथला विद्यार्थी वडीकडे बघून पहिले दोन प्रश्न विचारेल : मेदाम्लं कोणती? आणि क्षार कोणता?

आधी क्षार. कॉस्टिक सोडा वापरला तर साबण कडक होतो, वडी छान बसते, पण पाण्यात सावकाश विरघळतो. कॉस्टिक पोटॅश वापरला तर साबण मऊ होतो आणि ब्रश फिरवताच सुटतो. अंगाच्या साबणात बहुतेक सोडाच असतो. दाढीच्या चांगल्या साबणात दोन्ही असतात, किंवा पोटॅश जास्त असतो. म्हणून दाढीचा साबण नखाने दाबला तर थोडा दबतो.

आता मेदाम्लं. खोबरेल तेलात सुमारे निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा फेस झटकन येतो, मोठा येतो, आणि झटकन बसतो. काहींची कातडीही कोरडी पडते. याच्या उलट स्टिअरिक आम्ल. त्याचा फेस सावकाश येतो, पण बारीक येतो आणि टिकतो. दाढीच्या साबणाचा खरा कणा हे स्टिअरिक आम्ल. थोडं खोबरेल सुरुवातीला फेस यायला, भरपूर स्टिअरिक तो टिकायला, आणि पाणी धरायला ग्लिसरीन. जगातल्या बहुतेक जुन्या दाढीच्या साबणांची कृती या तीन ओळींत बसते.

हे स्टिअरिक येतं कुठून? युरोपात परंपरेनं जनावरांच्या चरबीतून, म्हणजे टॅलोमधून. आपल्याकडे पुष्कळांना ते चालत नाही. गोदरेज कंपनीने १९१८ साली 'चावी' छापाचा साबण आणला तो जनावरांची चरबी न वापरता, वनस्पती तेलाचा. तेव्हापासून तो रस्ता मोकळा आहे. ऐकायला मिळतं की टॅलोशिवाय खरा दाढीचा साबण होतच नाही. रसायनशास्त्र असं म्हणत नाही. स्टिअरिक आम्लाचा रेणू चरबीतून आला काय किंवा पामतेलातून आला काय, रेणू तोच. टॅलोच्या साबणाला एक विशिष्ट साय येते हे खरं, कारण त्यात पामिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांचं मिश्रण मुळातच जमलेलं असतं. वनस्पती तेलांतून ते मिश्रण जमवावं लागतं, इतकंच.

आणि ते जमवायला आपल्याकडे सामान आहे. कोकणात कोकमाच्या बियांचं तेल निघतं, भिरंडेल म्हणतात त्याला. टाचांच्या भेगांना लावतात. त्यात साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त स्टिअरिक असतं. आपल्या विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे मोहाच्या बियांचं तेल आहे. त्यात पामिटिक आणि स्टिअरिक मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास भरतात. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघ सुरू झाला, आणि पुढे खादी-ग्रामोद्योगाच्या यादीत 'अखाद्य तेल आणि साबण' हा स्वतंत्र उद्योग आला. त्यामागचा विचार साधा होता : खायचं तेल साबणात कशाला घालवायचं? दाढीच्या साबणापुरता तो विचार रसायनाच्या बाजूनंही बरोबर बसतो.

प्रकारांची तुलना

आता बाजारात मिळणारे प्रकार एकेक घेऊ.

पहिला, कांडी. ओल्या दाढीवर थेट घासायची आणि वर ब्रश फिरवायचा. साबण भरपूर लागतो, चूक व्हायला वाव कमी, प्रवासाला सोयीची. तुर्कस्तानची आर्को ही कांडी जगभर प्रसिद्ध आहे. कांडीचा तोटा एकच, ती एका माणसाचीच असली पाहिजे. कातडीवर घासलेली वस्तू दुसऱ्याला द्यायची नाही.

दुसरा, वाटीतली गोल वडी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या आरशापुढची. ओला ब्रश वडीवर वीस-तीस सेकंद फिरवायचा, मग फेस तोंडावर किंवा दुसऱ्या वाटीत उठवायचा. सगळ्यात जास्त दिवस टिकणारा हाच प्रकार, कारण पाणी आपण घालतो, कंपनी नाही. ब्रॅडफर्डच्या मिचेल्स वूल फॅटमध्ये मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन असतं. दाढीनंतर कातडी मऊ राहते, पण ज्यांना लोकरीची ॲलर्जी आहे त्यांनी जपून. फ्लॉरेन्सच्या प्रोरासोमध्ये नीलगिरी आणि मेंथॉल. आपल्या मे महिन्यात थंडगार वाटतं, पण कातडी सोललेली असेल तर झोंबतं.

तिसरा, ट्यूबमधली क्रीम. हीसुद्धा साबणच आहे बरं का. बहुतेक पोटॅशचा साबण, स्टिअरिक जास्त, आणि त्यात पाणी आधीच घातलेलं. म्हणून फेस लगेच येतो. घाईच्या माणसाला उत्तम. पण शंभर ग्रॅम क्रीम आणि शंभर ग्रॅम वडी यांची किंमत सरळ लावू नका. क्रीमच्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो.

चौथा, डब्यातला तयार फोम. यातही स्टिअरिक आम्लच, पण क्षार वेगळा आणि फुगवायला वायू. ब्रश लागत नाही. पण त्यात हवा जास्त, पाणी कमी. ब्रशनं केस उभे होतात आणि पाणी मुळाशी जातं, ते इथे होत नाही. शिवाय रिकामा डबा कचऱ्यात.

आणि पाचवा, अंगाचा साबण. पुष्कळ जण यानेच दाढी करतात. त्याच्या पाकिटावर टीएफएमचा आकडा असतो. भारतीय मानकाप्रमाणे ७६ टक्के किंवा वर असला तर पहिल्या प्रतीचा, ७० ला दुसरी, ६० ला तिसरी प्रत. तो आकडा एकूण मेद किती हे सांगतो, कोणती मेदाम्लं ते सांगत नाही. म्हणून पहिल्या प्रतीचा आंघोळीचा साबणही दाढीला कच्चा पडू शकतो. फेस येतो आणि दुसरा गाल होईपर्यंत वाळतो.

पाकीट वाचताना पहिले पाच शब्द बघा, कारण घटक साधारणपणे प्रमाणाच्या क्रमानं लिहिलेले असतात. स्टिअरिक ॲसिड किंवा पोटॅशियम स्टिअरेट वर असेल, ग्लिसरीन मध्ये असेल, सुगंध शेवटी असेल, तर ती वडी दाढीसाठीच केलेली आहे. सोडियम पामेट आणि सोडियम पाम कर्नेलेट एवढंच वर असेल तर तो अंगाचा साबण, वेष्टन कोणतंही असो.

आता आपलं पाणी

इथे टेबलावर दोन बाटल्या आहेत. एकीत बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत एका लेआउटमधल्या बोअरचं पाणी. दोन्हींत एकाच वडीचा सारखा कीस टाकलाय. हलवतो. बघा, पहिलीत फेस वरपर्यंत. दुसरीत वर थोडा फेस आणि खाली दुधाळ गढूळ, काचेला पांढरे कण चिकटलेत. साबण तोच आहे.

शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन पाणी' म्हणतात. फार नेमका शब्द आहे. ज्यात फेस येणं अवघड ते दुष्फेन. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या मेदाम्लाला धरतं आणि न विरघळणारा चोथा होतो. बादलीच्या कडेला पांढरं वलय, कूलरच्या ताट्यांवर उन्हाळाअखेर जमणारा पांढरा थर, पाणी तापवायच्या रॉडवरची खपली. हे सगळं त्याच क्षारांचं.

नागपुरात पाणी एकसारखं नाही. महापालिकेचं नळाचं पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानचं, म्हणजे धरणाचं आणि नदीचं. विहिरी-बोअरचं पाणी जमिनीतून झिरपत येतं, खडकातले क्षार घेऊन येतं. आपलं शहर भूगर्भाच्या दृष्टीनं सीमेवर आहे. पश्चिमेला काळा बेसॉल्ट, पूर्वेला जुने स्फटिकी खडक. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपन्याकडे तर चुनखडीच आहे, म्हणून सिमेंटचे कारखाने तिथे. त्यामुळे धरमपेठेतल्या नळावर ज्या साबणाची स्तुती होते, तोच साबण बोअरच्या पाण्यावरच्या घरात निकामी ठरू शकतो. दोघंही खरंच बोलत असतात.

आता घाबरून जाऊ नका, हिशेब करू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. समजा तुमचं पाणी ६०० चं आहे. आंघोळीची १५ लिटरची बादली घेतली तर तिच्यातले सगळे क्षार संपवायला सुमारे ५५ ग्रॅम साबण वाया जाईल. अर्धी वडीच म्हणा! पण दाढीचा फेस करायला पाणी लागतं किती? साधारण ३० मिलिलिटर, दोन मोठे चमचे. त्यातले क्षार संपवायला लागतो सुमारे ०.११ ग्रॅम साबण. एका दाढीला ग्रॅमभर साबण धरला तर हा त्याचा नववा हिस्सा.

याचा अर्थ असा की आंघोळीच्या बाबतीत आपण दुष्फेन पाण्यापुढे हात टेकतो, पण दाढीच्या वाटीत ते सहज जिंकता येतं. ब्रश वडीवर दहा सेकंद जास्त फिरवा. नाहीतर पिण्याच्या आरओचं अर्धा कप पाणी दाढीला घ्या. पाणी उकळून गाळून घेतलं तरी काही प्रकारचं काठिण्य कमी होतं, सगळं होत नाही. रेझर मात्र मगमधल्या भरपूर पाण्यात धुतो आपण, तिथे चोथा होतोच. म्हणून पातं शेवटी एकदा स्वच्छ धुऊन झटकून ठेवा, पुसू नका.

दुसरी गोष्ट हवेची. मे महिन्यात पारा ४५ ला जातो, हवा कोरडी ठाक, वरून पंखा. फेस गालावरच सुकतो. तेव्हा पंखा बंद करा, एका वेळी अर्ध्याच चेहऱ्याला फेस लावा, आणि ग्लिसरीन जास्त असलेला साबण निवडा. पावसाळ्यात तोच साबण वाटीत चिघळेल, त्याला निथळू द्या.

घरी तुलना कशी करायची

दोन साबण घ्या. ब्रश तोच, पाणी तेच, ब्लेड नवं, दाढी दोन दिवसांची. डाव्या गालाला एक, उजव्या गालाला दुसरा. पुढच्या वेळी बाजू बदला, कारण उजव्या हाताच्या माणसाचा एक गाल नेहमीच चांगला होतो.

चार गोष्टी वहीत लिहा. किती वेळात फेस दाट झाला. बशीत चमचाभर फेस दहा मिनिटं ठेवला तर खाली पाणी सुटलं का, बुडबुडे फुटले का. पात्याचा दुसरा हात फिरवताना, वरचा फेस गेल्यावरही, कातडी निसरडी होती का. आणि एक तासानं गाल ओढल्यासारखा वाटतो का. साबण हा क्षारधर्मी असतो आणि कातडी किंचित आम्लधर्मी. म्हणून दाढीनंतर साबण पूर्ण धुणं फार महत्त्वाचं.

खर्चासाठी किंमत बघू नका, वजन बघा. वडी पूर्ण कोरडी असताना तोला, महिनाभर वापरा, पुन्हा वाळवून तोला. कमी झालेल्या ग्रॅमला दाढ्यांच्या संख्येनं भागा. पुष्कळदा वाटीतली वडीच स्वस्त पडते असं दिसेल, पण आमच्यावर विश्वास ठेवू नका, तुमचा काटा काय म्हणतो ते बघा.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक श्रोते : सलूनमध्ये एकच ब्रश, एकच वाटी सगळ्यांना वापरतात. ते चालतं का?*

काका, फेस उठवण्यात आपल्या नाभिक बांधवांचा हात कुणी धरू शकणार नाही. पुष्कळ गोष्टी आम्हीही त्यांच्याकडे बघूनच शिकलो. पण साबण जंतुनाशक नाही, हे लक्षात ठेवा. ब्लेड तुमच्या समोर नवं लावलं पाहिजे. आणि ब्लेडइतकीच तुरटीची वडी महत्त्वाची. कापलेल्या जागेवर फिरवलेली तुरटी दुसऱ्याच्या कापलेल्या जागेवर फिरते. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवससुद्धा टिकतो. तुरटी आपली घरून न्या, किंवा तिची पूड ओल्या कापसावर घ्यायला सांगा. ब्रशचंही तेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या दूषित ब्रशांमुळे ब्रिटन-अमेरिकेत लोकांना अँथ्रॅक्स झाला होता. आज ती भीती नाही, पण ब्रश गरम पाण्यात धुऊन, झटकून, हवेत वाळवलाच पाहिजे.

*एक श्रोत्या : आमच्या मुलाला नुकतीच दाढी यायला लागली. गळ्यावर पुळ्या येतात. त्याला कोणता साबण द्यायचा?*

ताई, साधा, कमी वासाचा, ग्लिसरीनवाला दाढीचा साबण किंवा क्रीम. पण त्याआधी त्याला तीन गोष्टी शिकवा. आंघोळीनंतर दाढी कर, तेव्हा केस भिजलेले असतात. केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं पातं फिरव. गळ्यावर ही दिशा वेगळी असते, बोटानं चाचपून बघ. आणि रोज करायची गरज नाही. एवढं करून महिनाभरात पुळ्या गेल्या नाहीत, पू झाला, डाग राहायला लागले, तर साबण बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

*एक श्रोते : मग तुमच्या मते सगळ्यात चांगला साबण कोणता?*

हा प्रश्न येणार हे माहीत होतं! तुमच्याकडे पाणी नळाचं की बोअरचं?

*श्रोते : बोअरचं. वाडी भागात.*

मग आज घरी गेल्यावर नवीन काही विकत घेऊ नका. जो साबण आहे तोच, आरओच्या अर्धा कप पाण्यात करून बघा. फेस सुधारला तर तुमचा साबण निर्दोष होता. नाही सुधारला, तर पाकिटावरचे पहिले पाच शब्द वाचा आणि मग दुकानात जा.